दुपारचा रकाना

“यात मी यशूबरोबर कुठंच नाही,” नागनाथ म्हणाले.

मी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत होते. एप्रिल संपत आलेला, दुपारचे अडीच. परभणीत त्या वेळेला घर कसं असतं ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. दारं बंद, खिडक्या बंद, खिडक्यांवर ओल्या चादरी, आणि त्या अंधारात कूलरची घरघर. मुलं आतल्या खोलीत फरशीवर झोपली होती. नागनाथ दुकानातून जेवायला आले होते आणि जेवून झाल्यावर फ्रीजवर चिकटवलेला माझा कागद काढून वाचत उभे होते.

“कशात?”

“ह्यात.”

कागद म्हणजे विशाखापट्टणचं वेळापत्रक. चार दिवस, तीन रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ. तीन आठवडे मी ते करत होते. मुलं झोपली की अर्धा तास, भाजी शिजेपर्यंत दहा मिनिटं, असं. कुठल्या वेळी कुठं जायचं, कुणी काय खायचं, कुणाबरोबर कोण. दुपारच्या रकान्यात चारही दिवस लाल शाईनं एकच लिहिलं होतं: खोली बंद करून झोप.

“पाणबुडी बघायला केतकी आणि बाबा,” ते हजेरी घेतल्यासारखं वाचायला लागले. “टेकडीवरची झुकझुक गाडी, केतकी आणि बाबा. किल्ला करणे, केतकी आणि बाबा. यशू आणि आई खोलीवर. यशू आणि आई सावलीत. यशू आणि आई खोलीवर.”

“तो लहान आहे म्हणून.”

“तीन वर्षांचा झाला.”

“मग?”

“मग काही नाही.” त्यांनी कागद मिठाच्या बरणीखाली ठेवला. “मीठ संपत आलंय,” म्हणाले, आणि पायात चपला सरकवून दुकानात गेले.

मोटारी भरण्याचं दुकान आहे त्यांचं. कूलरच्या, पंपाच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतात. उन्हाळा म्हणजे त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मेच्या मध्यावर कूलरची गर्दी जरा ओसरते, तेवढ्यात सहा दिवस भागीदारावर दुकान टाकून निघायचं, असं ठरलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि आम्ही चौघं मिळून देव सोडून कुठंच गेलो नव्हतो.

विशाखापट्टण ठरलं ते केतकीमुळं. ती तेव्हा सात वर्षांची. तिनं एकदा विचारलं, “समुद्राला पलीकडचा काठ नसतो हे खरं आहे का? गोदावरीला तर असतो.” मी म्हणाले, नसतो. ती म्हणाली, “तू पाहिलंय?” मी पाहिलं नव्हतं. मग नांदेडहून थेट गाडी आहे म्हणून विशाखापट्टण, आणि नागनाथचा आयटीआयचा दोस्त तिकडं बंदरात कामाला होता, त्यानं ओळखीच्या घरात वरची खोली बघून दिली.

“उन्हाळ्यात लेकरं घेऊन समुद्रावर?” आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. “लोकं थंड हवेला जातात.”

“तिकडं पस्तीस-छत्तीसच असतं, आई,” नागनाथ म्हणाले. “आपल्याकडं त्रेचाळीस. आपल्याला तेच थंड हवेचं ठिकाण.”

आम्ही सगळे हसलो. उन्हाच्या बाबतीत आम्हाला कुणी शिकवावं असं नव्हतंच.

“काही झालं तर,” आत्याबाई मला एकटीला म्हणाल्या.

“काही होणार नाही.”

“होईल असं कुठं म्हणाले मी. झालं तर म्हणाले.”

काय झालं तर, हे दोघींनाही माहीत होतं. त्यांनी चौघांच्या पिशव्यांत एकेक पांढरा कांदा टाकला आणि विषय संपला.

त्याच्या आदल्या ऑगस्टमधली गोष्ट. यशू सव्वादोन वर्षांचा होता. अंगात ताप होता, फार नाही. केतकीच्या शाळेत पालकसभा होती म्हणून मी त्याला नागनाथजवळ ठेवून तासाभरासाठी गेले. परत आले तर फाटक सताड उघडं, दार उघडं. आत यशू एकटा, पलंगाच्या काठावर. डोळे वर गेलेले, ओठ निळे, एक हात झटके देत होता. नागनाथ रस्त्यावर होते. अनवाणी. शेजारच्या सय्यदचाचांची रिक्षा बोलवायला धावले होते, आणि रिक्षा नव्हती तर तिथंच उभे राहून हाका मारत होते. लेकराला सोडून.

आकडी दोन-तीन मिनिटांत थांबली. डॉक्टर म्हणाले, तापाची आकडी आहे, लहान मुलांना येते, पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत परत येऊ शकते, मग जाते. भिऊ नका. आली तर कुशीवर वळवायचं, कपडे सैल करायचे, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही हुंगवायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तरच पळायचं, आणि थांबल्यावर एकदा डॉक्टरला दाखवायचं. मी आणि आत्याबाई आत बसून हे ऐकत होतो. नागनाथ बाहेर चपलांपाशी उभे होते. मी घरी येऊन ते सगळं वहीच्या कागदावर लिहिलं आणि औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

मी नागनाथना एक शब्दही बोलले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं कदाचित. तेही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी यशूच्या कपाळावर हात ठेवूनच झोपायला लागले, आणि झोपायला लागले हे उगाच म्हणते. त्याची कूस बदलली की माझे डोळे उघडायचे. आंघोळीला गेले तर दार लोटून ठेवायची. माहेरी गेले नाही, लग्नांना गेले नाही. आणि त्याला कधीही, पाच मिनिटांसाठीसुद्धा, त्यांच्या एकट्याच्या हाती दिलं नाही. ते मागायचेही नाहीत. नऊ महिने आमच्या घरात हे असं चाललं होतं आणि वरून बघणाराला काही दिसलं नसतं. दिसलं ते त्या कागदावर. मीच रकाने आखून, चांगल्या अक्षरात लिहून ठेवलं होतं.

मी कागद बदलला नाही.

भानुमतीअम्मांचं घर समुद्रापासून तिसऱ्या गल्लीत. साठीच्या असतील. खणखणीत आवाज, केसांत मोगरा. आम्हाला तेलुगू येत नव्हतं आणि त्यांचं हिंदी त्यांच्या सोयीचं होतं. खाली त्या राहायच्या, वर आमची खोली. फरशी, पंखा, समुद्राकडं उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्या. कूलर नव्हता.

“कूलर कुठाय?” मी विचारलं.

“कूलर क्या करेगा?” त्या म्हणाल्या, आणि खिडक्यांकडं हात केला. मला वाटलं, टाळताहेत.

पहिला दिवस कागदाप्रमाणं पार पडला. केतकीनं समुद्र पाहिला. बराच वेळ बघून म्हणाली, “नसतो,” आणि मग लाटेला घाबरून बाबांच्या पाठीवर चढली. मी यशूला घेऊन लांब झाडाखाली बसले. तो पाण्याकडं बोट दाखवून “मी, मी” करत होता. “उद्या हं,” मी म्हणत होते. कागदावर उद्याही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आत खोलीवर आलो. जेवणं झाली. मी खिडक्या लावून घेतल्या, कड्या घातल्या, दोन चादरी बादलीत बुडवून, पिळून खिडक्यांवर टांगल्या. पंखा फिरत होता. केतकी पालथी पडून चित्रं काढत होती.

“जरा उघडू का?” थोड्या वेळानं नागनाथ म्हणाले. “कोंदतंय.”

“दुपारी खिडकी उघडतं का कुणी?”

“इथं वेगळं वाटतंय.”

“ऊन ते ऊन. आत येऊ दिलं की झालं.”

त्यांच्या बनियनमधून पाणी निथळत होतं. आमच्याकडं चादर टांगली की अर्ध्या तासात खडखडीत वाळते, परत भिजवावी लागते. ही तासाभरानंही तशीच ओली होती, खाली थेंब टपकत होते. इथली हवा दमट आहे, हे तिथंच कळायला हवं होतं. मला वाटलं, बरंच आहे, परत भिजवायला नको.

यशू किरकिर करत होता. मग किरकिर थांबली. मी वळून बघितलं तर चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, आणि नजर कुठंतरी. हात लावला तर अंग भाजत होतं. थर्मामीटर लावला. शंभराच्या वर काहीतरी. मी अजून एक चादर भिजवली, त्याच्या अंगावर टाकली, पंख्याखाली ओढलं.

“उज्ज्वला, खिडकी—”

“तुम्ही बाजूला व्हा.”

तेवढ्यात दार वाजलं. भानुमतीअम्मा ताकाचा तांब्या घेऊन आल्या होत्या. दार उघडलं तशा दोन पावलं मागंच सरकल्या.

“अरे, बच्चा लोग को इडली बना दिया क्या?”

कुणाला विचारलंही नाही. आत आल्या, चादरी ओढून खाली टाकल्या, कड्या काढल्या, दोन्ही खिडक्या उघडल्या. आणि वारा आला. नुसती झुळूक म्हणावी असा नाही, खोलीभर. केतकीचे कागद उडाले.

“दोपहर का हवा समुद्र से आता,” त्या मला म्हणाल्या, अगदी हळू, केतकीला सांगावं तसं. “उसको बंद क्यों करता?”

त्यांनी यशूचे कपडे काढले, त्याला खिडकीसमोर फरशीवर निजवलं, चमच्यानं ताक पाजलं. दहा मिनिटांत त्याच्या चेहऱ्याचा लालपणा उतरला. ताप होताच, पण तो आता “बाई, बाई” करत भानुमतीअम्मांच्या बांगड्या ओढत होता. मी भिंतीला टेकून बसले होते. तीन आठवडे एकेक तास मोजून मापून बसवला होता मी, आणि नेमक्या त्याच तासाला वाऱ्याच्या तोंडावर कडी घातली होती. स्वतःच्या हातानं.

“तुम सो जाओ,” त्या म्हणाल्या. “अपना आँख देखो. नीचे मेरा कमरा ठंडा है.”

“नाही, मी—”

“मी बसतो त्याच्यापाशी,” नागनाथ म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

“चार वाजता औषध—”

“ठाऊक आहे.”

“ताप वाढला तर—”

“ठाऊक आहे.”

“कुशीवर—”

“उज्ज्वला.” नुसतं नाव घेतलं. मग म्हणाले, “झोप.”

माझा विश्वास बसला म्हणून मी उठले, असं म्हणायला मला आवडेल. तसं काही नव्हतं. माझ्यात काही उरलंच नव्हतं. भानुमतीअम्मांनी दंडाला धरून जिन्यावरून खाली नेलं, चटईवर निजवलं, वर पंखा लावला, आणि त्या दाराबाहेर जाईपर्यंतसुद्धा मी जागी नसावी.

जागी झाले तेव्हा खिडकीतला उजेड पिवळा झाला होता. साडेसहा. क्षणभर मला आपल्याला मुलं आहेत हेच आठवेना. मग आठवलं आणि मी अनवाणीच जिना चढले.

नागनाथ भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. यशू त्यांच्या मांडीवर झोपलेला, अंगात दुसराच सदरा. केतकी खिडकीत बसून चकली खात होती. मी यशूच्या कपाळाला हात लावला. कोमट.

“ताप जरा वाढला होता,” नागनाथ म्हणाले. “कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. घसा लाल आहे म्हणाले. औषध दिलंय.”

“डॉक्टरकडं नेलं? मला उठवलं नाही?”

“गरज नाही पडली.”

ते उठायला गेले आणि त्यांना उठताच येईना. इतका वेळ मांडी हलवली नव्हती की पायाला मुंग्या आल्या होत्या. भानुमतीअम्मा कॉफी घेऊन आल्या, पेला आधी त्यांच्या हातात दिला, मग माझ्या. मला जरा नवल वाटलं, पण मी कॉफी प्यायले. अंग हलकं झालं होतं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी संध्याकाळी नागनाथनी यशूला उचललं आणि पाण्याकडं चालायला लागले. मला विचारलं नाही. मी वाळूत केतकीच्या किल्ल्याला खंदक खणत बसले होते. एकदा मान वर केली. यशू त्यांच्या कडेवर, लाट आली की पाय वर घेत होता, आणि हसण्याचा आवाज वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत येत होता. मी परत खंदक खणायला लागले.

घरी आल्यावर हळूहळू सगळं बदललं. यशूची आंघोळ त्यांच्याकडं गेली, मग बालवाडीत सोडणं, मग ताप आला की रात्रीची पहिली पाळी. मी दुसऱ्या खोलीत झोपायला लागले, खरंच झोपायला. त्याला परत कधी आकडी आली नाही. मैत्रिणी विचारायच्या, “तुला जमतं कसं गं त्यांच्यावर टाकून जायला?” तर मी सांगायची. विशाखापट्टणला मी चार तास झोपले आणि काही झालं नाही.

पाच वर्षं मी हे असं सांगत आले.

मागच्या महिन्यात केतकीच्या शाळेत गाईडच्या बाईंनी प्रथमोपचार शिकवले. ती आता बारा वर्षांची. घरी येऊन तिनं यशूला बैठकीत आडवं पाडलं. मी गवार निवडत होते.

“तू बेशुद्ध आहेस. हसू नको.”

“गुदगुल्या होताहेत.”

“बेशुद्ध माणसाला होत नाहीत. वळ कुशीवर. हा हात असा गालाखाली.” तिनं त्याला सराईतपणे वळवलं. “बाई म्हणाल्या, तुला कसं येतं आधीपासून? मी म्हणाले, मी बघितलंय.”

“कधी बघितलंस गं?” मी विचारलं.

“विशाखापट्टणला नाही का. यशूला आकडी आली तेव्हा.”

गवारीची शेंग माझ्या हातात तशीच राहिली.

“बाबांनी त्याला असं वळवलं. मला मनगटावरचं घड्याळ काढून दिलं, म्हणाले, केतू, बारीक काट्याकडं बघ आणि मोठ्यानं मोज. मला तेव्हा घड्याळ कुठं येत होतं? मी आपली काटा टक करेल तसं मोजलं. एकशे तीसला थांबलं.” तिनं माझ्याकडं बघितलं. “बाबा रडत होते. पण मला म्हणत होते, छान मोजतेस, मोज. मग आम्ही डॉक्टरकडं गेलो. तुला माहीत नाही?”

“मला आकडी आली होती?” यशू उठून बसला. “मग मी काय केलं?”

“लाळ गाळलीस.”

“हट्.”

“बाबांनी तुला सांगू नको म्हणून सांगितलं होतं?” मी केतकीला विचारलं.

“नाही. आई झोपलीय, हळू बोल, एवढंच म्हणाले. मला वाटलं, नंतर सांगितलं असेल त्यांनी.”

मी गवार तशीच ठेवली आणि दुकानात गेले. चालत सात मिनिटं लागतात.

नागनाथ आत बसून तार गुंडाळत होते. एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तांब्याची तार सोडायची, आणि फेरे तोंडानं मोजायचे. एक फेरा चुकला तर मोटार जळते, म्हणून मोजत असताना त्यांच्याशी कुणी बोलत नाही. गिऱ्हाइकंसुद्धा दारात थांबतात. मीही नऊ अधिक पाच वर्षांत कधी बोलले नव्हते.

“एकशे चार, एकशे पाच, एकशे सहा—”

“विशाखापट्टणला यशूला आकडी आली होती,” मी म्हणाले.

हात थांबला. ओठ दोन फेरे नुसतेच हलले.

“केतकीनं सांगितलं?”

“पाच वर्षं झाली.”

“हं.”

“मला उठवायचं होतं.”

“आलो होतो,” ते म्हणाले. “डॉक्टरकडं जाता जाता. थांबली होती तेव्हा आकडी. त्याला खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलो होतो तुझ्या.”

“मग?”

“झोपली होतीस. तोंड उघडं, एक हात चटईच्या बाहेर. नऊ महिन्यांत तशी झोपलेली बघितली नव्हती तुला.”

“नंतर तरी सांगायचं.”

“नंतर तू झोपायला लागलीस.”

बाहेर कुणीतरी हातगाडीवरून कूलर आणून ठेवला. “दोन मिनिटं,” नागनाथ त्याला म्हणाले. मी स्टुलावर बसले. त्यांच्या चिमटीत तार तशीच ताणलेली होती.

“एवढंच?” मी विचारलं.

त्यांनी दांड्यावरचा हात काढला.

“नाही,” म्हणाले. “उठवलं असतं तर तू त्याला माझ्या हातातून घेतलं असतंस.”

मला नाही म्हणायचं होतं. त्यासाठी तोंडही उघडलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “घेतलं असतं.”

“म्हणून,” ते म्हणाले, आणि निम्मी गुंडाळलेली तार उलगडायला लागले.